ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ

ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ (ऑक्टोबर १७२६ – १३ फेब्रुवारी १७९८) हे अठराव्या शतकात दक्षिण भारतात कार्य केलेले जर्मन लुथेरन धर्मोपदेशक, बहुभाषाविद आणि शिक्षणप्रसारक होते. तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासात त्यांना वेगळे स्थान आहे. तुळजाजी राजे भोसले यांचे ते विश्वासू सल्लागार होते; पुढे तंजावरच्या गादीवर आलेल्या सरफोजी राजे (दुसरे) यांच्या बालपणाचे ते संरक्षक व मार्गदर्शक ठरले. तंजावरच्या शिवगंगा उद्यानाच्या परिसरात त्यांनी १७७९ मध्ये उभारलेले ख्रिस्त चर्च आजही श्वार्ट्झ चर्च या नावाने ओळखले जाते. सरफोजी राजांनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ बसविलेले संगमरवरी शिल्प या वास्तूत असल्यामुळे, बृहदीश्वर मंदिराप्रमाणेच हे चर्चही मराठ्यांच्या तंजावरची एक खूण मानले जाते.

पार्श्वभूमी

जर्मनीतील मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये सुरू केलेल्या धर्मसुधारणेतून लुथेरन पंथाचा उदय झाला. जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन इत्यादी उत्तर युरोपीय देशांत तो प्रामुख्याने पसरला. भारतात या पंथाचा प्रवेश कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथून झाला. हे गाव डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये तंजावरचे रघुनाथ नायक यांच्या संमतीने आपल्या व्यापाराचे ठाणे म्हणून घेतले होते. युरोपीय कागदपत्रांत त्याचा उल्लेख ट्रांकेबार असा येतो.

पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि तरंगंबाडीच्या भोवतालचा सर्व मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली आला. १७०६ मध्ये बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिश प्लुत्शाउ हे दोन जर्मन लुथेरन उपदेशक डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आश्रयाने तरंगंबाडीस उतरले, तेव्हा तंजावरास शहाजी राजे राज्य करीत होते. झिगेनबाल्ग यांनी तमिळ भाषेचा सखोल अभ्यास केला, छापखाना उभारला आणि तमिळ नवा करार छापून प्रसिद्ध केला. त्यांनी बांधलेले न्यू जेरुसलेम चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. दर्शनी भागावर डॅनिश राजाचे मुकुटांकित चिन्ह मिरविणारी ही वास्तू अद्याप उभी असून भारतातील लुथेरन परंपरेचे ते आद्य स्थान समजले जाते. श्वार्ट्झ यांच्या भारतातील कार्याचा आरंभ याच चर्चमधून झाला.

बालपण आणि शिक्षण

श्वार्ट्झ यांचा जन्म प्रशियाच्या राज्यातील झोनेनबुर्ग या गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. त्यांच्या लहानपणीच आई वारली. मृत्युसमयी तिने हा मुलगा ईश्वराच्या सेवेस वाहिला असल्याचे पतीला व गावच्या धर्मगुरूंना सांगितले होते. प्राथमिक शिक्षण गावी आणि पुढील शिक्षण क्युस्ट्रिन येथे घेऊन ते १७४६ मध्ये हाल्ले विद्यापीठात दाखल झाले.

हाल्ले हे त्या काळी केवळ विद्यापीठाचे गाव नव्हते. अनाथालय, शाळा, औषधालय आणि छापखाना यांनी युक्त असे ते धार्मिक व सामाजिक कार्याचे मोठे केंद्र होते. तरंगंबाडीला जाणारे बहुतेक उपदेशक येथेच तयार होत. भारतातून परतलेले ज्येष्ठ उपदेशक बेन्यामिन शुल्त्झ तेव्हा हाल्ले येथे तमिळ बायबलच्या छपाईचा प्रयत्न करीत होते. त्या कामात मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ यांनी तमिळ शिकण्यास प्रारंभ केला. छपाईचा तो संकल्प पूर्ण झाला नाही. तथापि त्या निमित्ताने शिकलेली भाषा त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविणारी ठरली. गोटहिल्फ आउगुस्ट फ्रांके यांच्या शिफारशीवरून त्यांची भारतासाठी निवड झाली. १७४९ मध्ये कोपनहेगन येथे त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर काही काळ इंग्लंडमध्ये राहून त्यांनी इंग्रजी आत्मसात केली आणि जुलै १७५० मध्ये ते तरंगंबाडीस पोहोचले.

तरंगंबाडीतील कार्य

तरंगंबाडीस आल्यानंतर सुमारे चार महिन्यांतच श्वार्ट्झ यांनी झिगेनबाल्ग यांच्या चर्चमध्ये तमिळ भाषेतून पहिले प्रवचन केले. सुमारे बारा वर्षे ते या ठाण्यात राहिले. मुलांना शिकविणे, आसपासच्या खेड्यांत पायी हिंडणे, तमिळ धर्मग्रंथांचे वाचन करणे आणि गावकऱ्यांशी चर्चा करणे असा त्यांचा दिनक्रम असे. समोरच्या माणसाची श्रद्धा काय आहे हे त्याच्याच भाषेतून व त्याच्याच ग्रंथांतून समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी बोलू नये, अशी त्यांची धारणा होती. तरंगंबाडीत रूढ असलेली पोर्तुगीज भाषाही त्यांनी शिकून घेतली. १७६० मध्ये त्यांनी श्रीलंकेचा प्रवास केला.

तिरुचिरापल्ली

१७६२ पासून श्वार्ट्झ यांचा तिरुचिरापल्ली आणि तंजावरशी संबंध आला. तिरुचिरापल्ली हे अर्काटच्या नबाबाच्या ताब्यातील महत्त्वाचे ठाणे होते आणि तेथे इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची मोठी फौज होती. तेथील दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन अनेक सैनिक मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांच्या अनाथ मुलांसाठी श्वार्ट्झ यांनी शाळा काढली. १७६६ मध्ये तेथे ख्रिस्त चर्च बांधून पूर्ण झाले.

सुमारे याच काळात ते डॅनिश मिशन सोडून लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेच्या सेवेत आले. ही संस्था अँग्लिकन पंथाची होती. परंतु भारतात जाण्यास इच्छुक इंग्रज धर्मगुरू मिळत नसल्याने ती लुथेरन उपदेशकांना आर्थिक साहाय्य देई. त्यामुळे श्वार्ट्झ हे श्रद्धेने लुथेरन, वेतनाने अँग्लिकन संस्थेचे आणि छावणीतील इंग्रज सैनिकांचे धर्मगुरू अशा तिहेरी भूमिकेत वावरले. सैनिकांच्या धर्मगुरुपदाबद्दल मद्रास सरकारने त्यांना वर्षाला १०० पौंड वेतन ठरवून दिले. त्यातील मोठा भाग त्यांनी शाळा व चर्च यांच्याकडे वळविला. ते अविवाहित राहिले. साधे सुती कपडे, भात व भाजी आणि एक लहानशी खोली एवढ्यावर त्यांचा निर्वाह चाले.

दरबारी व लष्करी मंडळींशी थेट बोलता यावे म्हणून त्यांनी या काळात फारसी व हिंदुस्तानी या भाषा शिकल्या. तंजावरच्या राजघराण्याची व दरबाराची भाषा मराठी असल्यामुळे पुढे त्यांनी मराठीचेही ज्ञान संपादन केले.

तुळजाजी राजे आणि तंजावरचा दरबार

१७६९ मध्ये श्वार्ट्झ यांची तुळजाजी राजांशी भेट झाली. आरंभी संभाषण दुभाष्यामार्फत फारसीतून झाले. नंतर राजांच्या इच्छेवरून श्वार्ट्झ तमिळमधून बोलले. संस्कृत विद्या, संगीत व काव्य यांचे आश्रयदाते असलेल्या तुळजाजी राजांना या परदेशी विद्वानाबद्दल आदर वाटू लागला. त्यांनी धर्मांतर केले नाही आणि श्वार्ट्झ यांनीही आपली उपदेशकाची भूमिका लपविली नाही. तरीही दोघांमध्ये टिकलेला विश्वास हा पुढील तीस वर्षांच्या घटनांचा पाया ठरला.

तंजावरच्या राज्यावर त्या वेळी संकटांची मालिका कोसळत होती. अर्काटचा नबाब महंमद अली खंडणीच्या थकबाकीचे निमित्त करून हे सुपीक राज्य गिळंकृत करू पाहत होता. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या मदतीने त्याने तंजावर जिंकले आणि तुळजाजी राजांना कैदेत टाकले. लंडनमधील संचालकांना हे कृत्य मान्य झाले नाही. त्यांच्या आज्ञेवरून १७७६ मध्ये राजांना गादी परत मिळाली, परंतु किल्ल्यात कंपनीची फौज कायमची येऊन बसली. राज्य परत आले तरी स्वातंत्र्य परत आले नाही.

१७७८ मध्ये श्वार्ट्झ कायमचे तंजावरला राहण्यास आले. किल्ल्यातील सैनिकांना व स्थानिक ख्रिस्ती समाजाला उपासनेसाठी जागा नव्हती. म्हणून त्यांनी शिवगंगा तलावाजवळच्या लहान कोटात चर्चचे बांधकाम हाती घेतले. १७७९ हे या चर्चचे स्थापनावर्ष मानले जाते. पुढे किल्ल्याबाहेरील वस्तीतही त्यांनी तमिळ ख्रिस्ती समाजासाठी प्रार्थनागृह उभारले.

हैदर अलीकडील शिष्टाई

१७७९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर थॉमस रंबोल्ड यांनी श्वार्ट्झ यांना म्हैसूरच्या हैदर अलीकडे गुप्त शिष्टाईसाठी पाठविले. हैदरचे इंग्रजांशी संबंध बिघडले होते आणि त्याच्या मनात काय आहे हे गव्हर्नरला जाणून घ्यायचे होते. हिंदुस्तानी बोलणारा, कोणाकडूनही नजराणा न घेणारा आणि राजकारणात हितसंबंध नसलेला माणूस म्हणून ही निवड झाली. युद्ध टळावे या हेतूने श्वार्ट्झ यांनी हे काम स्वीकारले.

श्रीरंगपट्टण येथे हैदरने त्यांना सन्मानाने वागविले. तेथील मुक्कामात त्यांनी हैदरच्या फौजेतील युरोपीय सैनिकांसाठी प्रार्थनासभाही घेतल्या. निरोप देताना हैदरने प्रवासखर्चासाठी ३०० रुपये दिले. मद्रासला आल्यावर श्वार्ट्झ यांनी ती रक्कम सरकारजमा करू पाहिली. सरकारने ती घेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी ती तंजावरच्या अनाथ मुलांच्या इंग्रजी शाळेसाठी ठेव म्हणून वापरली.

शिष्टाई मात्र निष्फळ ठरली. कंपनीने आपले धोरण बदलले नाही आणि १७८० मध्ये हैदरने कर्नाटकावर प्रचंड स्वारी केली. दोन्ही बाजूंनी आपला उपयोग करून घेतला जात होता, याची जाणीव श्वार्ट्झ यांना झाली असावी. नंतर १७८३ मध्ये टिपू सुलतानाशी चाललेल्या तहाच्या वाटाघाटींसाठी मद्रास सरकारने त्यांना पुन्हा पाठविले. परंतु टिपूच्या अधिकाऱ्यांनी वाटेतच अडविल्याने त्यांना परतावे लागले.

युद्ध, दुष्काळ आणि शेतकऱ्यांचे परतणे

हैदरच्या स्वारीत तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त झाला. कालवे फुटले, गुरे हाकून नेली गेली आणि हजारो लोक किल्ल्याच्या आश्रयास आले. अन्नावाचून माणसे रस्त्यांवर मरू लागली. युद्धाची चाहूल आधीच लागल्यामुळे श्वार्ट्झ यांनी भात स्वस्त असताना खरेदी करून साठविला होता. त्या साठ्यातून त्यांनी उपाशी लोकांना अन्न पुरविले. स्वारीच्या धामधुमीतही या पाद्र्याला कोणी उपद्रव देऊ नये, असा हैदरने आपल्या सरदारांना हुकूम दिला होता.

किल्ल्यातील फौजेवरही उपासमारीची वेळ आली. बाहेरच्या खेड्यांत धान्य होते, परंतु ते वाहून आणण्यास बैल मिळत नव्हते. पूर्वी घेतलेल्या मालाचे पैसे न मिळाल्यामुळे शेतकऱ्यांचा राजावरही विश्वास उरला नव्हता आणि कंपनीवरही नव्हता. अखेर श्वार्ट्झ यांनी किंमत चुकती करण्याची स्वतःची हमी दिली. त्यांच्या शब्दावर दोन-तीन दिवसांत बैल जमा झाले, धान्य किल्ल्यात आले आणि पुढे प्रत्येकाला त्याचे पैसे मिळाले.

युद्धानंतरही मुलखाची घडी बसली नाही. पुत्र, कन्या व नातू यांच्या मृत्यूमुळे तुळजाजी राजे खचले होते आणि कारभार जुलमी अधिकाऱ्यांच्या हाती गेला होता. सारावसुलीच्या जाचाला कंटाळून असंख्य शेतकरी कुटुंबांसह राज्य सोडून गेले. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती हा राज्याचा एकमेव आधार होता. पेरणीचा हंगाम हुकला असता तर पुन्हा दुष्काळ पडला असता. राजांनी परत बोलावूनही लोक येईनात. तेव्हा श्वार्ट्झ यांनी त्यांना न्यायाची खात्री दिली. एका दिवसात सुमारे ७,००० माणसे परत आली आणि उशीर झालेला असूनही रात्रंदिवस कष्ट करून त्यांनी पेरणी साधली. १७८६ मध्ये तंजावरच्या कारभाराची देखरेख करण्यासाठी कंपनीने नेमलेल्या समितीत श्वार्ट्झ यांचा समावेश झाला, तो या लोकविश्वासामुळेच.

वारसाचा प्रश्न आणि सरफोजी राजे

श्वार्ट्झ यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग तंजावरच्या गादीच्या वारसाचा होय. जानेवारी १७८७ मध्ये तुळजाजी राजांनी भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील, २४ सप्टेंबर १७७७ रोजी जन्मलेल्या एका मुलास दत्तक घेतले आणि त्याचे नाव सरफोजी ठेवले. मृत्यू जवळ आल्याचे जाणून त्यांनी श्वार्ट्झ यांना बोलावून हा मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्याची इच्छा व्यक्त केली.

श्वार्ट्झ यांनी ही जबाबदारी नाकारली. परक्या धर्माच्या उपदेशकाने अल्पवयीन राजाचा पालक होणे हे मुलालाच घातक ठरेल, दरबारात तट पडतील आणि राजवाड्यातील कारस्थानांपासून त्याचे रक्षण करणे आपल्या शक्तीबाहेरचे ठरेल, असे त्यांचे मत होते. त्यांच्या सल्ल्यावरून तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे मुलाचे पालकत्व व राज्याची व्यवस्था सोपविण्याचे ठरले. हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी त्याचा परिणाम विपरीत झाला. तुळजाजी राजांच्या निधनानंतर अमरसिंहांनी गादीवर स्वतःचा हक्क सांगितला. कंपनीने पंडितांचे मत मागविले; सरफोजी हे जन्मदात्या पित्याचे एकुलते एक पुत्र असल्याने आणि अन्य कारणांनी दत्तकविधान अशास्त्रीय आहे, असा निर्णय पंडितांनी दिला. त्यावर विसंबून कंपनीने १७८७ मध्ये अमरसिंहांना राजा म्हणून मान्यता दिली.

बाल सरफोजींना वाड्यात जवळजवळ बंदिवासात ठेवण्यात आले. त्यांना मोकळी हवा व उजेड मिळेना, शिक्षणाची व्यवस्थाही होईना. पूर्वी पालकत्व नाकारणाऱ्या श्वार्ट्झ यांना आता त्याच मुलासाठी उभे राहावे लागले. त्यांनी मद्रास सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या, सरफोजींच्या रक्षणासाठी पहारा नेमविला आणि त्यांच्या शिक्षणाची सोय करविली. तरीही वाड्यातील त्रास थांबेना, तेव्हा १७९३ च्या आरंभी सरफोजी आणि तुळजाजी राजांच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. वयाची पासष्टी ओलांडलेले श्वार्ट्झ या प्रवासात त्यांच्यासोबत होते.

मद्रासमध्ये सरफोजींचे शिक्षण श्वार्ट्झ यांचे सहकारी विल्हेल्म गेरिके यांच्या देखरेखीखाली झाले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल आणि पाश्चात्त्य शास्त्रे यांची त्यांना गोडी लागली. दरम्यान दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. आधीच्या पंडितांनी दिलेले मत दबावाखाली किंवा लोभाने दिलेले होते, असा आक्षेप पुढे आला आणि काशीच्या पंडितांसह अन्य विद्वानांनी दत्तकविधान वैध ठरविले. श्वार्ट्झ यांची निवेदने गव्हर्नर जनरलपर्यंत पोहोचली. शेवटी अमरसिंहांना पदच्युत करून जून १७९८ मध्ये सरफोजींना गादीवर बसविण्यात आले. तो दिवस पाहण्यास श्वार्ट्झ हयात नव्हते.

शैक्षणिक कार्य

श्वार्ट्झ यांना दक्षिण भारतातील इंग्रजी शिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक मानले जाते. तंजावरचे इंग्रज रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या सहकार्याने १७८५ च्या सुमारास त्यांनी तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा संस्थान येथे इंग्रजी शाळा सुरू केल्या. या शाळांत प्रामुख्याने ब्राह्मण व प्रतिष्ठित घराण्यांतील मुले येत. मुलांना धर्मांतरासाठी भुलविले जाणार नाही, अशी हमी पालकांना देण्यात आली होती. या शाळांसाठी कंपनीच्या संचालकांनी प्रत्येकी वर्षाला २५० पॅगोडा या त्या काळच्या सुवर्णनाण्यांचे अनुदान मंजूर केले. शिक्षणावर कंपनीने नियमित खर्च करण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत या अनुदानाची गणना होते. या शाळांतून इंग्रजी जाणणारे तरुण पुढे सरकारी सेवेत गेले.

शिष्य आणि सहकारी

तरंगंबाडीतील उपदेशकाचा पुत्र जॉन कॅस्पर कोलहोफ याला श्वार्ट्झ यांनी पुत्रवत वाढविले. १७८७ मध्ये दीक्षा घेऊन तो त्यांचा उत्तराधिकारी झाला. सत्यनाथन पिल्लै यांना १७९० मध्ये लुथेरन पद्धतीने धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यात आली. बारा वर्षांचे असताना श्वार्ट्झ यांच्याकडे आलेले वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) पुढे नामवंत तमिळ ख्रिस्ती कवी झाले. सरफोजी राजांशी त्यांचा निकटचा स्नेह होता.

तिरुनेलवेली जिल्ह्यातील पाळयंकोट्टै येथील क्लोरिंडा ही तंजावरकडील मराठी ब्राह्मण विधवा होती. सती जाण्यापासून एका इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचविले, असे सांगितले जाते. त्या अधिकाऱ्यासोबत ती विवाहाविना राहत असल्यामुळे श्वार्ट्झ यांनी तिला बाप्तिस्मा देण्यास प्रथम नकार दिला. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर १७७८ मध्ये तो दिला. तिने पुढाकार घेऊन बांधलेले चर्च १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांच्या हस्ते उपासनेसाठी खुले झाले. १७८० च्या नोंदवहीत तेथील मंडळीत ४० जण होते. तिरुनेलवेलीतील पुढील मोठ्या ख्रिस्ती समाजाचा हा आरंभबिंदू होय.

निधन

अखेरच्या वर्षांत पायाच्या दुखण्याने श्वार्ट्झ यांना ग्रासले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे त्यांचे निधन झाले. भारतात आल्यापासून ४७ वर्षांहून अधिक काळात ते एकदाही युरोपला परतले नाहीत. समकालीन नोंदींनुसार सरफोजींनी अंत्यदर्शन घेऊन पार्थिवावर भरजरी वस्त्र घातले आणि त्यांना अश्रू आवरले नाहीत. आपली शिल्लक श्वार्ट्झ यांनी मिशनच्या व गरिबांच्या कार्यासाठी ठेवली होती.

चर्च आणि स्मारके

गादीवर आल्यानंतर सरफोजी राजांनी आपल्या गुरूचे स्मारक करण्याचे ठरविले. त्यासाठी त्यांनी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला विनंती केली आणि प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी उत्थित शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी, शेजारी उभे असलेले गेरिके आणि शाळेतील मुले असा प्रसंग त्यात कोरलेला आहे. हिंदू राजाने ख्रिस्ती उपदेशकाचे स्मारक चर्चमध्ये उभारावे आणि त्यात स्वतःला शोकाकुल शिष्याच्या रूपात दाखवावे, ही गोष्ट त्या काळी असाधारण होती. श्वार्ट्झ यांच्या समाधिशिळेसाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजीत पद्यपंक्ती रचल्या. कंपनीनेही मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचे संगमरवरी स्मारक बसविले.

वास्तू म्हणून ख्रिस्त चर्च भव्य नाही. बृहदीश्वर मंदिराच्या उत्तुंग शिखराच्या सान्निध्यात ते लहानच वाटते. तथापि मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा विस्तृत मराठी शिलालेख आणि जवळच्याच चर्चमधील त्यांचे शिल्प या दोन स्मृतिचिन्हांतून एकाच राजाच्या दोन निष्ठा दिसतात: एक कुळाविषयीची, दुसरी गुरूविषयीची.

मालकीच्या दृष्टीने या चर्चचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. श्वार्ट्झ यांच्या पश्चात ही ठाणी इंग्रज अँग्लिकन संस्थांच्या व्यवस्थेखाली गेली आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत चर्चमध्ये समाविष्ट झाली. तरंगंबाडीची लुथेरन परंपरा १९१९ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ इव्हँजेलिकल लुथेरन चर्चने पुढे चालविली. या संस्थेचे प्रमुख तरंगंबाडीचे बिशप म्हणून ओळखले जातात. त्यांचे मुख्य चर्च मात्र तिरुचिरापल्ली येथे आहे.

मूल्यमापन

श्वार्ट्झ यांच्या सचोटीविषयी त्यांच्या मित्रांप्रमाणेच विरोधकांनाही शंका नव्हती. त्यांच्या कार्याच्या परिणामांविषयी मात्र मतभेद आहेत. पहिला आक्षेप राजकीय आहे. ते कंपनीचे वेतन घेत, तिच्या समितीत बसत आणि तिची शिष्टाई करीत. सरफोजींना न्याय मिळवून देण्यासाठी त्यांनी कंपनीचाच दरवाजा ठोठावला. त्या न्यायाची किंमत राज्याला मोजावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजींकडे किल्ला, ठरावीक नेमणूक व महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते की, कंपनीची फौज श्वार्ट्झ तंजावरला स्थायिक होण्यापूर्वीच किल्ल्यात बसली होती आणि अमरसिंहांची सत्ताही कंपनीच्याच मान्यतेवर उभी होती. श्वार्ट्झ नसते तर राज्य वाचले असते असे दिसत नाही. एक बुद्धिमान मुलगा मात्र अंधाऱ्या खोलीत संपला असता.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. चर्चमध्ये निरनिराळ्या जातींचे लोक वेगवेगळे बसत. हे भेद हळूहळू मावळतील अशा अपेक्षेने श्वार्ट्झ यांनी ते सहन केले. ती अपेक्षा पूर्ण झाली नाही. १८३३ मध्ये बिशप डॅनिएल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरच्या मंडळीत तीव्र कलह माजला आणि विरोध करणाऱ्यांत वेदनायगम शास्त्री हेही होते.

श्वार्ट्झ यांच्या कार्याचे सर्वांत दूरगामी फळ त्यांच्या धर्मप्रसारात नव्हे, तर सरफोजी राजांच्या विद्याव्यासंगात दिसते. राजे अखेरपर्यंत आपल्या कुळधर्माशी निष्ठावंत राहिले. मात्र लहानपणी लागलेली जिज्ञासा त्यांनी आयुष्यभर जोपासली. सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार, धन्वंतरी महालातील औषधोपचार व संशोधन, मुला-मुलींसाठीच्या शाळा आणि देवनागरी छापखाना ही त्यांची कार्ये सुपरिचित आहेत. इसापच्या कथांचे बालबोध मुक्तावली हे मराठी भाषांतर याच छापखान्यात १८०६ मध्ये छापले गेले आणि मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात तंजावरला स्थान मिळाले. १८३२ मध्ये सरफोजी राजांचे निधन झाले व १८५५ मध्ये पुरुष वारसाअभावी तंजावरचे राज्यही संपुष्टात आले. ग्रंथालय, शिलालेख आणि शिवगंगा तलावाजवळचे ते लहान चर्च या तीन ठिकाणी मात्र त्या काळाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात.